बारोलो: रंगाने फिकट, चवीला करकरीत तुरट आणि अजूनही भांडण न मिटलेली वाईन

तोरिनोकर

मागे फ्रेंच वाईनच्या धाग्यावर कोणीतरी विचारलं होतं की इटलीतली एकच रेड सांगायची झाली तर कोणती, तिथे मी "बारोलो" एवढंच लिहिलं आणि नंतर काहींनी खाजगी निरोप पाठवून सांगितलं की नीट लिही, नाव ऐकलंय पण त्यात एवढं काय आहे ते कळत नाही. नोकरीनिमित्त तोरिनोत राहतो, बारोलो गाव इथून गाडीने साधारण तासाभरावर, त्यामुळे त्या टेकड्यांवर जाणं-येणं असतं. तर लिहितोच आता.

आधी ही दिसते कशी ते सांगतो कारण बरेच जण इथेच फसतात. महागडी रेड म्हणजे काळपट जांभळी, ग्लासातून पलीकडचं दिसणार नाही अशी, हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. बारोलो तशी नसते. ग्लास तिरका करून छापील कागदावर धरला तर खालची अक्षरं वाचता येतात, मधोमध डाळिंबी लाल आणि कडेला विटकरी झाक, ही झाक बाटली फार जुनी नसली तरी दिसते. रंग बघून माणूस निर्धास्त होतो आणि पहिल्या घोटाला हिरड्या, गालाची आतली बाजू सगळं आवळून येतं, भरपूर जांभळं खाल्ल्यावर जीभ कशी जाड आणि खरखरीत होते तसं. हे टॅनिन, द्राक्षाच्या साली-बियांतून उतरणारा तुरटपणा. त्याच्या जोडीला सणसणीत आंबटपणा, अल्कोहोल १४ टक्क्यांच्या आसपास. आणि वास? सुकवलेले गुलाब आणि डांबर. ही जोडी इतक्या वेळा लिहिली गेलीये की घासून गुळगुळीत झालीये पण ती खरोखर येते, नव्या रस्त्याच्या डांबराचा तो वास, खाली गुलाब, मग ज्येष्ठमध, आणि वर्षं गेली की चामडं, तंबाखू, ओली माती.

द्राक्ष एकच, नेबिओलो. दुसरं काहीही मिसळायला कायद्याने बंदी. आल्बा गावाच्या नैर्ऋत्येला लांगे नावाच्या टेकड्या आहेत, तिथल्या बारोलो, ला मोर्रा, कास्तिल्योने फाल्लेत्तो, सेर्रालुंगा, मोनफोर्ते वगैरे फक्त ११ गावांच्या हद्दीत पिकलेल्या नेबिओलोलाच हे नाव लावता येतं. सगळं मिळून दोन हजार हेक्टरच्या थोडं वर क्षेत्र. एवढ्याशा जागेवर जगभरातले लोक डोळा ठेवून असतात.

आता इतिहास. नेबिओलो जुनी आहे, तोरिनोजवळच्या रिव्होलीच्या १२६८ च्या कागदांत तिचं नाव सापडतं. पण आपण आज जिला बारोलो म्हणतो ती वाईन त्या मानाने कालपरवाची. अमेरिकेचा थॉमस जेफरसन १७८७ मध्ये तोरिनोला आला होता, त्याने नेबिओलो प्यायली आणि नोंद केली की ही मदेरासारखी गोडसर, बोर्दोसारखी तुरट आणि शॅम्पेनसारखी चुरचुरीत आहे. म्हणजे बघा, वाईन्सचा राजा म्हणून जिचा गवगवा ती तेव्हा गोड आणि फसफसणारी होती! कारण सरळ आहे. नेबिओलो फार उशिरा पिकते, ऑक्टोबरात तोड, मग आंबायला लागते ना लागते तोवर नोव्हेंबरची थंडी, तळघर गार पडलं की यीस्ट झोपी जातं, साखर तशीच उरते, आणि वसंतात ऊब आली की उरलेली साखर पुन्हा आंबायला लागते.

ती कोरडी, म्हणजे गोडी न उरलेली, कोणी केली यावर दोन कथा आहेत. गाईडच्या तोंडी असते ती अशी की बारोलोची मार्केझा, म्हणजे तिथली सरदारीण, जूलिया कोल्बेर फाल्लेत्ती, मूळची फ्रेंच, आणि शेजारच्या ग्रिन्झानेचा काउंट काव्हूर या दोघांनी लुई उदार नावाच्या फ्रेंच माणसाला आणलं आणि त्याने पिएमोंतेच्या (हाच तोरिनो-आल्बाचा प्रांत) लोकांना वाईन शिकवली. नंतर जुनी कागदपत्रं चाळणाऱ्यांनी दाखवून दिलं की खरं काम पाओलो फ्रांचेस्को स्ताल्येनो या इटालियन माणसाचं. लष्करातला अधिकारी, त्याने १८३५ मध्ये वाईन कशी करावी आणि टिकवावी यावर पुस्तिका छापली आणि काव्हूरच्या ग्रिन्झानेच्या तळघरात १८३६ पासून काही वर्षं तो स्वतः राबला. उदार हा मुख्यतः व्यापारी होता. मला दुसरी बाजू पटते, पण फ्रेंच जादूगाराची गोष्ट विकायला सोपी आहे हेही दिसतं.

मार्केझा मात्र बाई म्हणून जबरदस्त. तोरिनोच्या तुरुंगातल्या बायकांसाठी तिने आयुष्यभर काम केलं, मूलबाळ नव्हतं, १८६४ मध्ये गेली तेव्हा सगळी इस्टेट धर्मादाय संस्थेकडे ठेवून गेली. तिच्याबद्दलची आख्यायिका अशी की राजा कार्लो आल्बेर्तोने सहज विचारलं, तुमच्या वाईनचं एवढं ऐकतो, आम्हाला कधी चाखवणार? तर तिने ३२५ बैलगाड्या पिंपं लादून तोरिनोला पाठवल्या, वर्षाचे दिवस वजा लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाचे ४०. पुढे राजाने जवळच वेरदुनोला स्वतःचेच मळे घेतले. त्याचा मुलगा व्हित्तोरिओ एमान्युएले दुसरा, म्हणजे एकसंध इटलीचा पहिला राजा, त्याने फोंतानाफ्रेद्दाची जमीन आपल्या प्रेयसीला दिली, रोझा व्हेर्चेल्लाना, सैन्यातल्या ढोलवाल्याची मुलगी, पुढे लग्नही केलं तिच्याशी. त्यांच्या मुलाने १८७८ मध्ये तिथे वाईनचा धंदा सुरू केला. 'राजांची वाईन, वाईन्सचा राजा' हे जे सगळीकडे छापलेलं असतं ते या सगळ्यातून आलंय.

पण यात शेतकरी कुठेच नाही हे लक्षात घ्या. राजेरजवाडे गेले आणि विसाव्या शतकाचा बराच काळ ह्या टेकड्या दरिद्री होत्या. त्यावर लिहायचं तर मोठं होईल, प्रतिसादांत बोलू.

जुना_भिडू

छान लिहिलंय. काव्हूरबद्दल एक भर घालतो. हा ग्रिन्झानेचा महापौर होता १८३२ ते १८४९, म्हणजे वयाच्या बाविशीपासून, आणि हाच पुढे इटलीचा पहिला पंतप्रधान. शेती सुधारणं हा त्याच्यासाठी शौक नव्हता, पिएमोंतेचं राज्य युरोपच्या बाजारात उभं करायचं तर फ्रान्सच्या तोडीचा माल हवा हे त्याला कळत होतं. त्यामुळे कोरडी, टिकाऊ, लांबवर पाठवता येईल अशी वाईन हे राजकारणच होतं एका अर्थी. गोड फसफसणारी वाईन उन्हाळ्यात पिंपात बिघडायची, ती लंडनला कोण पाठवणार.

मला विचारायचंय ते पुढचं. परंपरा परंपरा म्हणून जे सांगतात ती नक्की कोणत्या वर्षापासून धरायची?

गोडीछाटणी

राम राम. दिंडोरीकडे द्राक्षबाग आहे आपली, टेबल ग्रेप्स आणि थोडी वाईनची. इतिहास वाचला, चांगला आहे, पण दादा मला सांगा तिथं एकरी माल किती काढतात? छाटणी कधी? आणि मार्केट कसं होतं, शेतकरी स्वतः वाईन करायचा का माल घालायचा?

तोरिनोकर

@गोडीछाटणी, हेक्टरी ८ टन ही कायद्याने कमाल, म्हणजे एकरी सव्वातीन टन धरा, आणि नावाजलेले लोक त्याच्याही खाली थांबतात. छाटणी वर्षातून एकदाच, हिवाळ्यात वेल झोपलेली असताना. आपल्याकडे एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी असं दोनदा करावं लागतं कारण वेल झोपतच नाही, तिथे बर्फ पडतो, काम आपोआप होतं. नेबिओलोची पंचाईत अशी की डोळे लवकर फुटतात आणि घड पिकतात सगळ्यात शेवटी, म्हणजे वसंतातल्या दहिवराचाही धोका आणि ऑक्टोबरच्या पावसाचाही. म्हणून टेकडीवरची दक्षिणेची, नैर्ऋत्येची उतरण नेबिओलोला, बाकी जागी बार्बेरा, दोल्चेत्तो ही दुसरी द्राक्षं, आणि अगदी थंड तोंडाला हेझलनट. उत्तरेकडे तोंड असलेल्या जागेत बारोलोची लागवड नियमातच बसत नाही, उंचीसुद्धा १७० ते ५४० मीटरमध्येच.

मार्केटचं ऐकून तुम्हाला ओळखीचं वाटेल. जुन्या काळी बहुतेक शेतकरी वाईन करायचेच नाहीत. गाडीत द्राक्षं भरून आल्ब्याच्या चौकात उभं राहायचं आणि मोठ्या व्यापाऱ्यांचे दलाल मुद्दाम संध्याकाळपर्यंत भाव ठरवायचे नाहीत. दिवसभर उन्हात माल, रस गळायला लागला की पडेल त्या भावाला द्यायचा. बाटलीवर नाव व्यापाऱ्याचं.

गोडीछाटणी

म्हणजे तिकडं पण तेच. आमच्याकडं गाडी भरली की व्यापारी म्हणतो मणी मऊ आहे, साखर कमी आहे. माल झाडावरून खाली आला की शेतकऱ्याचे हात बांधले गेले, हे आमच्या वडिलांचं बोलणं. मग ते सुटले कसे यातून? का लोक सोडून गेले?

तोरिनोकर

दोन्ही झालं. दुसऱ्या महायुद्धानंतर पोरं टेकड्या सोडून तोरिनोला फियाटमध्ये आणि आल्ब्याला फेरेरोमध्ये कामाला लागली. तीच फेरेरो, न्युटेलावाली, जिचा कारखाना आपल्या बारामतीला आहे. फेरेरोने गावोगावी बस सोडल्या, त्यामुळे माणसं दिवसा कारखान्यात आणि उरलेल्या वेळात मळ्यात, असं करून काहींच्या जमिनी तरी वाचल्या.

आणि दुसरं म्हणजे सहकार. कास्तिल्योने फाल्लेत्तोचा महापौर आर्नाल्दो रिवेरा, पेशाने शाळामास्तर, त्याने १९५८ मध्ये २२ शेतकरी गोळा करून तेर्रे देल बारोलो ही सहकारी वायनरी काढली. त्याच वर्षी पलीकडे बार्बारेस्को गावात तिथल्या पाद्र्याने १९ शेतकरी एकत्र आणले, पहिल्या काही वाईन्स चर्चच्या तळघरात झाल्या. बार्बारेस्कोला तर १८९४ मध्येच दोमित्सिओ काव्हात्सा या शेतकी शाळेच्या मुख्याध्यापकाने सहकारी वायनरी केली होती, फॅसिस्टांच्या काळात बंद पडली. आज बार्बारेस्कोच्या त्या सोसायटीची वाईन जगभर मानाने विकत घेतात, स्वस्त म्हणून नव्हे. मला लांगेच्या इतिहासात राजाच्या बैलगाड्यांपेक्षा ह्या मास्तर आणि पाद्र्याचं काम मोठं वाटतं.

गोडीछाटणी

मास्तर आणि महापौर. आपल्याकडं पण सहकार असाच उभा राहिला होता, मास्तर लोकांनी गावोगाव फिरून शेअर गोळा केले. हे वाचून बरं वाटलं राव.

सोनटक्का

मी मेलबर्नला हॉटेल लाईनमध्ये आहे, वाईनचे कोर्सेस केलेत, त्यामुळे बोलल्याशिवाय राहवत नाही :) सहकार झाला पण ऐंशीच्या दशकापर्यंत बारोलो विकली जात नव्हती हे पण सांगा ना. दोल्चेत्तोची पेटी घेतली तर बारोलोची बाटली सवलतीत, अशी वेळ आलेली. का? तर पारंपरिक पद्धतीत सालं आणि बिया रसात महिना-दीड महिना बुडवून ठेवायचे, मग ती हजारो लिटरच्या जुनाट पिंपांमध्ये वर्षानुवर्षं, पिंपं नीट धुतलेली नसायची, वाईन विकली गेली नाही तर अजून एक वर्ष पिंपात. फळ मरून जायचं, नुसतं टॅनिन उरायचं. याला परंपरा म्हणून आरती ओवाळायची का?

बदल केला तो पोरांनी. एलिओ अल्तारे १९७६ मध्ये फ्रान्सच्या बरगंडीला गेला, छोट्याशा फियाटमध्ये झोपून दिवस काढले, तिकडचे शेतकरी श्रीमंत का आणि आपण भिकारी का हे बघायला. परत आला आणि हिरवे घड अर्धे कापून जमिनीवर टाकायला लागला, म्हणजे उरलेले नीट पिकतील. गावाला वाटलं पोरगं वेडं झालं, देवाचं देणं मातीत टाकतंय. आणि १९८३ मध्ये चेनसॉ घेऊन बापाच्या तळघरातली जुनी पिंपं कापली, जागी २२५ लिटरची नवी फ्रेंच बॅरिक पिंपं आणली. बापाने वारसा हक्कातून काढून टाकलं त्याला, आणि दोन वर्षांनी तो समेट न होताच गेला. पुढे अल्तारेला घरची जमीन बहिणभावंडांकडून विकत घ्यावी लागली. क्लेरिको, साँद्रोने, व्होएर्झिओ, स्काव्हीनो आणि त्यांच्यातली एकटी बाई किआरा बोस्किस, या सगळ्यांनी मिळून बारोलो अमेरिकेत नेली आणि गावात पैसा आला. आज जे पारंपरिकवाले भाव खातात ते या पोरांनी उघडलेल्या बाजारात.

तोरिनोकर

सोनटक्का, अगदी योग्य वेळी आलीस, हेच लिहायचं होतं. पैसा त्यांनी आणला हे शंभर टक्के मान्य. पण बॅरिकबद्दल माझं मत वेगळं आहे.

नव्या बॅरिकमध्ये वाईनचा लाकडाशी संबंध फार, पिंप लहान म्हणून, आणि नवं लाकूड व्हॅनिला, टोस्ट, कॉफी असं सगळं वाईनमध्ये सोडतं. गडद, जाड फळ असलेल्या कॅबर्नेला ते झेपतं. नेबिओलोला नाही. तिचा सगळा जीव त्या वासात, गुलाब, डांबर, तो व्हॅनिलाखाली दबतो. शिवाय फिरत्या टाक्यांमध्ये आठवडाभरात रंग काढून घ्यायचा, म्हणजे वाईन गडद दिसते आणि पाच वर्षांत पिता येते. नव्वदच्या दशकात अशा बाटल्यांना अमेरिकन समीक्षकांनी भरभरून गुण दिले. पण आता उघडल्या तर त्यातल्या बऱ्याच कुठल्याही देशातल्या वाटतात, आणि त्याच वर्षांच्या मोठ्या पिंपातल्या बाटल्या अजून तरतरीत आहेत.

याला सगळ्यात जोरात विरोध केला बारोलो गावच्या बार्तोलो मास्करेल्लो या वाईनवाल्याने. तरुणपणी फॅसिस्टांविरुद्ध लढलेला माणूस, म्हातारपणी पाय चालेनात तर खुर्चीत बसून स्वतःच्या हाताने लेबलं रंगवायचा, त्यातलं एक जगप्रसिद्ध झालं, 'बॅरिक नको, बेर्लुस्कोनी नको' (बेर्लुस्कोनी म्हणजे इटलीचा पंतप्रधान झालेला पुढारी). तो २००५ मध्ये गेला, आता मुलगी मारिआ तेरेझा चालवते आणि काहीही बदललेलं नाही, सिमेंटच्या टाकीत आंबवणं आणि स्लावोनियन ओकची मोठी पिंपं.

मोठ्या पिंपांचं तळघर एकदा बघायलाच हवं. माणसाच्या दुप्पट उंच पिंपं दोन्ही बाजूंना, समोर खाली छोटंसं दार, जेमतेम खांदे जातील एवढं. वाईन काढून घेतली की त्या दारातून एक जण आत सरपटत जातो आणि आतून घासून धुतो. लाकूड इतकं जुनं आणि जाड की वाईनला चव देत नाही, फक्त फटींतून हळूहळू हवा देतं, आणि टॅनिन वर्षागणिक मऊ पडत जातं.

गंमत पुढे आहे. आज बहुतेकांनी बॅरिक कमी केलंय, नवं लाकूड फारच थोडं, पुन्हा मोठी पिंपं येतायत. पण घड विरळणी, स्वच्छ तळघर, तापमानावर ताबा, हे कोणी सोडलं नाही, कट्टर परंपरावाल्यांनीसुद्धा उचललं. पोरांचं खरं देणं मळ्यातलं होतं, पिंपातलं नव्हतं.

सोनटक्का

"पोरांचं खरं देणं मळ्यातलं" हे पटलं. पण साँद्रोनेला मी त्यात सरसकट ओढायला नको होतं, तो बॅरिक नव्हे, पाचशे लिटरची पिंपं वापरायचा आणि मधला रस्ता धरून होता. गेला बिचारा २०२३ च्या सुरुवातीला.

तोरिनोकर

बरोबर, त्याची वाईन दोन्ही बाजूंचे लोक आवडीने पितात.

जुना_भिडू

माझा प्रश्न राहिला की परंपरा कुठून धरायची. मी वाचलंय त्यावरून अजून एक गोष्ट. आज बहुतेक भारी बारोलोंवर मळ्याचं नाव असतं, कान्नुबी, ब्रुनाते, रोक्के, बुस्सिया. लोकांना वाटतं हे शतकानुशतकं चालत आलंय. तर कान्नुबी नाव लिहिलेली १७५२ ची एक बाटली आहे हे खरं, पण एकाच मळ्याची बारोलो वेगळी बाटलीबंद करायची पद्धत १९६१ ची, प्रुनोत्तो वायनरीच्या बेप्पे कोल्लाने बुस्सिया आणि व्हिएत्ती वायनरीने रोक्के काढली तेव्हाची. मग रेनातो रात्तीने सत्तरच्या दशकात मळ्यांचा नकाशा काढला. त्याआधी चांगला वाईनवाला म्हणजे चार जागांची द्राक्षं अंदाजाने मिसळणारा.

तोरिनोकर

आणि म्हणून मास्करेल्लो शेवटपर्यंत एकच बारोलो करत राहिले, कान्नुबी, सान लोरेंझो, रुए ह्या बारोलो गावातल्या जागा आणि ला मोर्रातली रोक्के, सगळं एकत्र. २०१० मध्ये मळ्यांच्या नावांचा अधिकृत नियम झाला, १८१ नावं ठरली, त्यातली ११ अख्ख्या गावांची. त्यात लेबलवर दोन मळ्यांची नावं लिहायला बंदी. तर रिनाल्दींच्या घरची 'ब्रुनाते-ले कोस्ते' ही वाईन, दोन मळ्यांचं मिश्रण, वर्षानुवर्षं त्याच नावाने विकलेली, ती बंद करावी लागली. परंपरा जपायचा कायदा आणि त्याने जुन्यातली जुनी पद्धतच नियमाबाहेर काढली. मला हे अजूनही खटकतं.

कान्नुबीवरून तर कोर्टकचेरी झाली, टेकडीचा मधलाच भाग खरा कान्नुबी की शेजारच्या तुकड्यांनीही ते नाव लावायचं. २०१३ मध्ये रोमच्या वरच्या कोर्टाने शेजाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला.

तरी मळ्यांची नावं निरर्थक आहेत असं नाही हां. आल्ब्याहून बारोलोला जाणारा खोऱ्यातला रस्ता धरा. पश्चिमेला ला मोर्रा आणि बारोलो, निळसर चिकणमाती, तिथली वाईन सुगंधी, लवकर खुलणारी. पूर्वेला सेर्रालुंगा आणि मोनफोर्ते, माती जास्त जुनी, चुन्याची आणि वाळूच्या दगडाची, वाईन आडदांड, पंधरा-वीस वर्षं दार उघडत नाही. कोंतेर्नोंची मोनफोर्तीनो, हजार युरोच्या पुढे जाणारी, ती सेर्रालुंगाच्या काशिना फ्रांचा मळ्यातली, १९७४ मध्ये ज्योव्हान्नी कोंतेर्नोने तो विकत घेतला. आधी तेही द्राक्षं विकतच घ्यायचे, त्याने ओळखलं की जो तो स्वतः बाटली भरायला लागलाय, चांगली द्राक्षं मिळायची बंद होणार.

गोडीछाटणी

हुशार माणूस. बरं गारपीट होते का तिकडं?

तोरिनोकर

होते, आणि वाईट होते. २००२ च्या सप्टेंबरात बारोलोवर अशी गारपीट झाली की बऱ्याच जणांनी त्या वर्षी बारोलो केलीच नाही. १९७२ ला तर अख्ख्या साली बारोलो नावाने काही विकलं नाही, सगळा माल खालच्या दर्जात. आणि त्याच २००२ ची मोनफोर्तीनो मात्र कोंतेर्नोने केली, सेर्रालुंगाचा तो मळा गारांतून वाचला होता, तेव्हा लोक हसले, आज तिचं कौतुक करतात. आता चिंता उलट आहे, २०१७, २०२२ अशी कडक उन्हाची, कोरडी वर्षं. तोड कधीकधी सप्टेंबरातच सुरू होते. साखर भराभर चढते, टॅनिन मागे राहतं.

अर्धा_कप

सगळा धागा वाचून काढला, भारी आहे. माझ्यासारख्या नवख्याने सुरुवात कुठून करावी? मुंबईत एका हॉटेलात घेतलेली एकदा, नुसती कडू आणि गरम लागली, बिल बघून जास्तच कडू लागली.

सोनटक्का

गरम लागली म्हणजे खोलीच्या तापमानाला दिली असणार. रूम टेंपरेचर हे युरोपातल्या गार घरांचं, मुंबईतलं नव्हे. १६ ते १८ अंश हवं. फ्रिजमधून काढून अर्धा तास बाहेर ठेवा, पसरट जगमध्ये ओतून दोन तास हवा लागू द्या. जुनी बाटली असेल तर आदल्या दिवशी उभी करून ठेवा, खाली गाळ बसतो. आणि नुसती पिऊ नका, बरोबर जेवण हवंच, टॅनिनला प्रोटीन आणि चरबी लागते.

सुरुवात मात्र बारोलोने करू नका. लेबलवर 'लांगे नेबिओलो' लिहिलेली घ्या, तेच द्राक्ष, बऱ्याचदा त्याच शेतकऱ्याचं, किंमत अर्ध्याहून कमी. मग बार्बारेस्को, तीही नेबिओलोचीच. बारोलो निघायलाच वेळ लागतो, तोडीनंतर ३८ महिने थांबल्याशिवाय विकता येत नाही, त्यातले १८ लाकडात, रिझेर्वा असेल तर ६२ महिने. आणि घेतल्यावरही आठ-दहा वर्षं ठेवली तर पैसे वसूल.

खाडीकाठ

जेवणाचं मी सांगते. तिकडे बीफ बारोलोत मंद आचेवर तासन् तास शिजवतात, नाहीतर अंड्याच्या बलकाच्या बारीक नूडल्स आणि वर पांढरा ट्रफल. आपल्याकडे तिखटाबरोबर मुळीच नको, टॅनिन आणि मिरची एकमेकांना भडकवतात, मालवणी मटणाबरोबर तर दोन्हीचा बट्ट्याबोळ. मी कोल्हापुरी पांढरा रस्सा आणि त्यातलं उकडलेलं मटण ठेवते, नारळाचं दूध, काजू, खसखस, आळणी सूप, मिरचीचा फक्त वास. फार छान जमतं. मेथीमटणही चालेल तिखट हात आखडता घेतला तर. शाकाहारी असाल तर अळंबी तुपात परतून, वर भरपूर मिरपूड.

आणि बारोलो किनातोचं कोणीच नाव काढलं नाही! सेर्रालुंगाच्या जुझेप्पे काप्पेल्लानो या औषधविक्याने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी काढलेलं, बारोलोत सिंकोनाची साल, म्हणजे आपलं कोयनेल ज्यापासून करतात ती, शिवाय मसाले आणि साखर. सर्दीतापावर गरम करून द्यायचे. आता जेवणानंतर डार्क चॉकलेटबरोबर घेतात. कडू-गोड, दालचिनी-लवंगेचा वास, आपल्या जिभेला पहिल्याच घोटात पटतं.

अर्धा_कप

लांगे नेबिओलो आणि पांढरा रस्सा, ठरलं. धन्यवाद सगळ्यांना.

गोडीछाटणी

शेवटचं विचारतो. नाशकात नेबिओलो लावली तर? अकलूजकडं इटालियन लोकांनी सांजोव्हेझे लावलंय आणि वाईन चांगली होतीये म्हणतात.

तोरिनोकर

हो, फ्रातेल्ली, इटलीचे, दिल्लीचे आणि अकलूजचे असे तीन घरचे भाऊ एकत्र येऊन उभी केलेली. सांजोव्हेझे ऊन सोसते आणि वेगवेगळ्या हवेत जुळवून घेते. नेबिओलोचं तसं नाही. कॅलिफोर्नियात, ऑस्ट्रेलियात लावून बघितली लोकांनी, थोडी जमली, पण पिएमोंतेच्या बाहेर मोठ्या प्रमाणावर ती खरी रुळलीये ती लोंबार्दीच्या वाल्तेल्लीनात, आल्प्सच्या दगडी पायऱ्यांवर. तिला शेवटचे पाच-सहा आठवडे थंड रात्री लागतात, दिवस लहान होत जाणारे, म्हणजे टॅनिन सावकाश पिकतं. आपल्याकडे घड पिकतात फेब्रुवारी-मार्चला, हवा तापत चाललेली असते, साखर पुढे पळेल आणि साल-बी हिरवी राहील. त्यात पातळ सालीमुळे रंगही कमी, वायनरी घेईल का हा प्रश्न. प्रयोग म्हणून दोन ओळी लावायच्या तर गोडी छाटणी सप्टेंबरात करून तोड जानेवारीत येते का ते बघा, तेवढीच थंडी मिळेल.

गोडीछाटणी

सप्टेंबरात छाटली तर परतीच्या पावसात डाऊनीची बुरशी येते भाऊ, फुलोऱ्यात सगळा घड जातो. तरी दोन ओळींचं बघतो. कलमं कुठून आणायची तेवढं सांगा.

सोनटक्का

कलमांचं क्वारंटाईन असतं, थेट कोणाकडून काड्या मागवू नका. आधी पुण्याजवळ मांजरी गावातल्या द्राक्ष संशोधन केंद्रात विचारा, त्यांच्याकडे वाईनच्या जातींचा संग्रह आहे.